मागचं पुसट न करणारा कॅमेरा

कॅमेरा घ्यायचा, असं मी दिवाळीनंतर घरात जाहीर केलं, तेव्हा कुणी मान वर केली नाही. घर म्हणजे मी आणि बायको. मुलगी पुण्याला शिकते, ती फोनवर म्हणाली, "पप्पा, मोबाईल आहे की." बायको मेथी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, कशाचे फोटो काढायचेत ते आधी ठरवा." मी म्हणालो, रोजचे. "रोजचं काय असतं आपल्याकडं?" असं विचारून तिनं दुसरी जुडी सोडली. खरं उत्तर मला माहीत होतं, पण ते तोंडातून काढायला जड होतं, म्हणून मी कॅमेऱ्यांची माहिती वाचायला बसलो.

उत्तर एवढंच होतं, की मला आईचा फोटो हवा होता. भिंतीवर लावायचा.

आई गावी थोरल्या भावाकडे असते, पारनेर तालुक्यात. शेजारच्या राळेगणसिद्धीला पाणलोटाचं काम बघायला बाहेरचे लोक मोठाले कॅमेरे घेऊन येतात. आमच्या गावात बघण्यासारखं काही नाही, म्हणून कुणी येत नाही. आमच्याकडे मोठा कॅमेरा लग्नाला येतो, पुढारी आला तर येतो. तिसरं कारण लोक बोलून दाखवत नाहीत. घरातलं जुनं माणूस थकलं, की त्याला धुतलेले कपडे घालून एक फोटो काढून ठेवतात, पुढे लागेल म्हणून.

माझ्या वडिलांचा असा फोटो काढून ठेवायचं राहून गेलं. ते गेले तेव्हा दशक्रियेच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा होता आणि घरात एकही धड नव्हता. भावाला कुणाच्या तरी साखरपुड्यातला एक घोळक्याचा फोटो सापडला. स्टुडिओवाल्यानं त्यातून वडिलांना कापून काढलं. टोपी मळकी दिसते म्हणून कॉम्प्युटरवर डोक्याला गुलाबी फेटा बांधला, सदऱ्यावर कोट चढवला आणि मागे निळं आकाश टाकलं. वडिलांनी जन्मात कोट घातला नव्हता. शेजारी उभा असलेला माणूस त्यानं काढून टाकला, पण त्या माणसाचा वडिलांच्या खांद्यावरचा हात तेवढा राहिला. फ्लेक्सवर तो शोकाकुल मंडळींच्या नावांखाली झाकला गेला. पुढे तोच फोटो मोठा करून भिंतीवर लागला, तेव्हा उघडा पडला. चार बोटं, त्यात एक तांब्याची अंगठी, आणि मनगटापासून पुढे निळं आकाश.

तो हात माझ्या मामाचा होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण मामाचं नाव आमच्या घरात निघत नसे. मामा आईचा पाठचा भाऊ, पाथर्डीकडचा. त्याच्या मुलीच्या लग्नात मानाचे फेटे बांधायला माईकवरून एकेकाचं नाव पुकारत होते. वडील पुढच्या रांगेत टोपी काढून मांडीवर ठेवून बसले होते. माईकवाल्यानं गावच्या सरपंचापासून बँडच्या मालकापर्यंत सगळ्यांना बोलावलं आणि वडिलांचं नाव गाळलं. सख्खा मेव्हणा, तो राहिला. वडिलांनी अक्षता टाकल्या, टोपी घातली आणि न जेवता निघाले. मामा फेटा हातात घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत पळत आला. वडील म्हणाले, "आता कशाला." मामालाही राग आला, भर मांडवात पाठ फिरवली म्हणून. झालं, तुटलं. आमच्याकडे माणसं जमिनीवरून भांडतात तसं फेट्यावरूनही भांडतात, आणि फेट्याचं भांडण जास्त टिकतं, कारण त्याची मोजणी आणता येत नाही.

तेव्हापासून आई भाऊबीजेला चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. हिला होता, तरी ही अंगणात ताट घेऊन उभी राहायची, आणि वडील त्या वेळी गोठ्यात काहीतरी काम काढायचे. दशक्रियेला मामा आला, घाटावर गर्दीच्या कडेला उभा राहिला, बहिणीसाठी आणलेली साडी भावाच्या हातात दिली आणि घरी न येता परत गेला.

मला त्या भिंतीवरच्या हाताचा राग यायचा. मी नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये तपासणीला आहे. लेथवरून आलेला जॉब गेजमध्ये घालून बघायचा. बसला तर पास, नाही तर बाजूला. माणसंही मी तशीच बघतो असं बायकोचं म्हणणं आहे. असा हात राहिलेला जॉब आमच्याकडे कुणी पुढे जाऊ दिला नसता. मी भावाला बरेचदा म्हणालो, की स्टुडिओवाल्याकडून तो काढून आण. भाऊ "बघू" म्हणायचा.

एकदा आई त्या फोटोखाली शेंगा फोडत बसली होती. वर बघून मला म्हणाली, "माझा आत्ताच काढून ठिव. मागनं बनवलेला मानसाचा नसतोय."

मी विचारलं, "कसा पाहिजे?"

"माझ्यासारखा," ती म्हणाली.

ड्रॉइंगवर माप दिलेलं नसलं, की जॉब अवघड होतो.

मोबाईलनं प्रयत्न झाला होता. पण आईसमोर मोबाईल धरला, की तिला वाटतं पुण्याहून नातीचा व्हिडिओ कॉल आहे. ती पुढे वाकून मोठ्यानं विचारते, "जेवलीस का?" माझ्या मोबाईलमध्ये आईचे जितके फोटो आहेत त्या सगळ्यांत ती तोंड उघडं ठेवून जेवणाची चौकशी करते आहे. भिंतीवर असा फोटो लावला तर खाली बसून जेवणाऱ्याला घास जायचा नाही.

म्हणून कॅमेरा. वाचून वाचून माझ्यापुढे दोन प्रकार उरले. एक कॉम्पॅक्ट, म्हणजे खिशात मावणारा, ज्याची लेन्स बदलता येत नाही. दुसरा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, ज्याला हवी ती लेन्स लावता येते. आपल्यात काय नाही यावरून जो स्वतःचं नाव सांगतो त्याच्याबद्दल मला आधीपासून थोडा संशय असतो, पण सगळे तज्ज्ञ मिररलेसच्या बाजूचे होते. त्याचा मोठा गुण असा सांगतात, की माणूस स्पष्ट येतो आणि मागचं सगळं पुसट होऊन जातं. कॉम्पॅक्टमध्ये पुढचं-मागचं सगळं सारखंच स्पष्ट दिसतं. हा त्याचा दोष. शिवाय मोबाईल आल्यापासून कॉम्पॅक्ट कुणी घेत नाही, असं नगरमधल्या दुकानदारानं मला सांगितलं. कधीच वारलेल्या एखाद्या पाहुण्याची मी खुशाली विचारावी तसं त्यानं माझ्याकडे बघितलं.

आमच्या वर्कशॉपमधला एक मशीनवाला लग्नसराईत फोटोचं काम करतो. तो म्हणाला, "वाचून काय व्हतंय? पौष हाय, लग्नं न्हाईत, कॅमेरा बसूनच हाय. जुना कॉम्पॅक्ट बी पडलाय ड्रॉवरला. दोन्ही न्या आन् ठरवा." मी दोन्ही आणले. मिररलेसला स्वतंत्र बॅग होती. कॉम्पॅक्ट त्यानं जुन्या पायमोज्यात गुंडाळून दिला.

आम्ही भिंगारला राहतो, नगरच्या लष्करी छावणीत. बायको लष्कराच्या एका ऑफिसात क्लार्क आहे आणि क्वार्टर तिच्या नावावर आहे. मी बायकोच्या घरात राहतो हे एकमेकांना सांगायला माझ्या भावकीला फार आवडतं. भिंगारला दर थोड्या अंतरावर फोटो काढण्यास मनाई असल्याची पाटी आहे, हे मी तिथे इतकी वर्षं राहून विसरलो होतो. मिररलेस गळ्यात अडकवून बाहेर पडलो. एका गेटवरच्या जवानानं विचारलं, "किधर का फोटो?" मी म्हणालो, बाजार का. तो म्हणाला, "बाजार उधर है." बाजार कुठे आहे हे मला माहीत होतं, पण मी त्याचे आभार मानले. मी घरी पोचायच्या आत बातमी बायकोच्या टेबलावर पोचली होती. संध्याकाळी तिनं फक्त एवढंच विचारलं, "गळ्यात काय अडकवून फिरत होता?"

बाजारात त्याहून अवघड. भजीवाल्यानं कॅमेरा बघून कढईखालचा गॅस बारीक केला, केसांवरून हात फिरवला आणि कुठल्या चॅनलचे म्हणून विचारलं. किराणावाला गल्ल्यावरून उठून आला आणि मला गटारापाशी घेऊन गेला. ते तुंबलेलं कधीपासून आहे, हे त्यानं कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं. मी रोजचं जगणं टिपायला गेलो होतो आणि कॅमेरा दिसताच रोजचं जगणं बंद पडत होतं. दुसऱ्या दिवशी कॉम्पॅक्ट खिशात घालून गेलो. कुणी ढुंकून पाहिलं नाही. भजी तळली जात होती, गटार तुंबलेलं होतं, आणि फोटोत भजीवाला, गटार, मागचा कुत्रा आणि भिंतीवरची क्लासची जाहिरात असं सगळं सारख्याच मानानं स्पष्ट आलं. तरी आईसाठी मिररलेसच, असं माझं ठरलं. भिंतीवर कुत्रा नको होता.

शनिवारी सुट्टी टाकून गावी गेलो. आईला आधी कॉम्पॅक्ट दाखवला. ती म्हणाली, "मिश्रीच्या डबीएवढा तर हाय. ह्यात मी काय मावतीय?" आणि तिनं लक्ष काढून घेतलं. मग मिररलेस बॅगेतून काढला, स्टँडवर चढवला. भावानं गोठ्याच्या बाजूला दोरीवर पांढरी चादर टांगली. आई आत गेली ती ट्रंकेतलं हिरवं इरकल नेसून आली. चष्मा काढून ठेवला. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले, ओठ मिटून घेतले आणि समोर बघायला लागली.

"हस की जरा," मी म्हणालो.

"कशाला?"

त्याच वेळी शेजारचा डेअरीवर दूध घालायला निघाला होता. किटली घेऊन तो रस्त्यात थांबला. पांढरी चादर, ठेवणीतलं लुगडं, शहरातून आलेला धाकटा मुलगा आणि मोठा कॅमेरा, असं सगळं त्यानं क्रमानं बघून घेतलं. भावाला हळूच विचारलं, "म्हातारी बरी हाय ना?" भाऊ चादरीचं टोक धरून उभा होता. तो म्हणाला, "बरीच म्हनायची." शेजाऱ्यानं मान हलवली आणि डेअरीकडे गेला.

फोटो उत्तम आला. पापणीचा केस न् केस मोजावा असा. चादर, गोठा, म्हैस, सगळं दुधासारखं विरघळून गेलं होतं. फक्त मधोमध बसलेली बाई लस टोचून घ्यायची वाट बघत होती. आईनं चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "ही कोन?"

"तूच."

"मी अशी न्हाई," ती म्हणाली आणि लुगडं बदलायला गेली. जॉब बाजूला.

रविवारी सकाळी अंगणात जीप थांबली. आमच्याकडे संध्याकाळच्या दुधाच्या वेळी डेअरीवर सांगितलेली गोष्ट रात्रीत चार तालुके फिरते. जीपमधून आत्या आणि तिच्या घरची माणसं उतरली, केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन, आजाऱ्याला बघायला जातात तशी. आत्यानं पदर तोंडाला लावून फाटकापासूनच रडणं धरलं होतं. समोर आई सूप घेऊन उभी दिसली. सुरू केलेलं रडणं आता कुठे ठेवावं हे आत्याला कळेना. तिनं ते जरा वेळ तसंच चालू ठेवलं आणि मग पायऱ्यांपाशी संपवलं.

"काय झालंय?" आईनं विचारलं.

"तुला काय झालंय?" आत्यानं विचारलं.

दुपारपर्यंत आणखी माणसं आली. वहिनी चुलीजवळून हलली नाही. केळ्यांचा ढीग झाला. त्यातली काही वासरानं खाल्ली. आईनं प्रत्येकाला मी हाय, मी हाय असं सांगून चहा पाजला. तिला राग आला असेल असं मला वाटत होतं, पण तिचा चेहरा लग्नघरच्या बाईसारखा खुलला होता. आपल्यासाठी कोण कोण धावत येतं हे माणसाला सहसा बघायला मिळत नाही.

उन्हं उतरायच्या सुमाराला रस्त्यावर एक भाजीचा टेम्पो थांबला. ड्रायव्हरच्या शेजारून एक म्हातारा काठी टेकत उतरला. दुसऱ्या हातात शहाळी होती. मामा. तो फाटकाबाहेरच उभा राहिला. मी पुढे गेलो, पाया पडलो. त्यानं मला ओळखलं की नाही कुणास ठाऊक. त्यानं विचारलं, "आक्का हाय का?"

आत बसलेल्या माणसांनी चहाचे कप खाली ठेवले. आईनं आवाज ओळखला होता. ती दारात आली.

"हाय," ती म्हणाली. "मी मेल्यावर येनार हुतास का?"

मामानं शहाळी फाटकापाशी ठेवली. फाटक ओलांडून आला, चपला काढल्या आणि घरात पाऊल टाकलं. दारासमोरच्या भिंतीवर वडिलांचा फोटो. मामानं त्याला हात जोडले. मग तो तसाच उभा राहिला, जरा जवळ गेला, आणि जोडलेला एक हात सोडवून त्यानं स्वतःच्या डोळ्यांपुढे धरला. बोटात तीच तांब्याची अंगठी होती, झिजून पातळ झालेली.

"ह्यो माझा हात हाय," तो म्हणाला.

मी भावाकडे रागानं बघितलं. इतकी वर्षं "बघू, बघू" म्हणून त्यानं ही वेळ आणली होती. भाऊ आईकडे बघत होता.

"तुझाच," आई म्हणाली. "त्यो स्टुडिओवाला काढून टाकतो म्हनत हुता. मोबाईलवर दाखिवला ह्या थोरल्यानं मला. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे."

"का गं?"

"त्यांच्या डोक्याला फेटा बांधला हुता त्यानं. मग बांधायला तुझा हात नको व्हय तितं?"

मामा खाटेवर बसला. त्यानं उपरण्यात तोंड घातलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मलाही भरून आलं, आणि मी ते कुणाला दिसू नये म्हणून केळ्यांकडे बघत उभा राहिलो. तो हात चुकून राहिला असं मी समजत होतो. घरातली सगळ्यात नीट बघून ठेवलेली गोष्ट तीच होती.

आई मामाच्या शेजारी जाऊन बसली. "मी जित्ती हाय आन् तू रडतोस व्हय रं," ती म्हणाली. "च्या निवतोय तुझा." मामानं तोंड पुसलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती हसली. पुढचे दोन दात नाहीत, चष्मा नाकावर घसरलेला, पदर खांद्यावर आलेला, हाताला सुपातला भुसा लागलेला.

मिररलेस कपाटावर बॅगेत होता. खिशातून मिश्रीची डबी काढली आणि बटण दाबलं. कुणी बघितलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मशीनवाल्याला फोटो दाखवला. त्यानं धंद्याच्या नजरेनं बघितला आणि तोंड वाकडं केलं. "मागचं लई आलंय हो," तो म्हणाला. "मिररलेसनं काढला असता, तर मागं काय दिसलं नसतं. पुसट करून देऊ का?" मी परत बघितला. चहाचे कप आले होते, केळी आली होती, कुणाचा तरी अर्धा पाय आला होता. आई आणि मामाच्या वर भिंतीवर वडील आले होते, गुलाबी फेट्यासकट, अगदी स्पष्ट. त्यांच्या खांद्यावर मामाचा हात होता आणि खाली आईच्या खांद्यावरही मामाचा हात होता. अंगठीसुद्धा दोन्हीकडे ओळखू येत होती. मी म्हणालो, काही पुसू नको. कॉम्पॅक्ट माझ्याकडेच राहिला. त्यानं पायमोजा तेवढा परत मागितला.

कॅमेऱ्याचं ठरलं असं मी बायकोला सांगितलं. तिनं फोटो हातात घेतला आणि बराच वेळ दिला नाही. मग म्हणाली, "रोजचं म्हणजे हे होय."

पुढच्या सुट्टीला फोटो मोठा करून गावी नेला. आई अंगणात होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले, चष्मा पुसला आणि फोटो लांब धरून बघितला. बघता बघता तिनं एकदा जिभेनं दातांची फट चाचपली.

"ही मी," ती म्हणाली.

मग फोटो परत माझ्या हातात देऊन म्हणाली, "मी गेल्यावर ह्योच लाव. असाच आख्खा. त्या स्टुडिओवाल्याकडं न्हेऊ नगंस, त्यो आमाला एकेकाला कापून काढंल."